जपानच्या बाजूने

सत्यशीलाने कचऱ्याची हातगाडी शाळेच्या फाटकाला टेकवली, हातमोजे काढून काखेत धरले आणि गजांतून आत बघितलं. मैदानावर कार्यक्रम नुकताच उठला होता. पाहुणे चहा घेत उभे होते, पोरं चिवड्याच्या कागदी डिश घेऊन मांडवाखाली पांगली होती, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक पोरगी कमरेत वाकून खाली पडलेले कप उचलत होती. तिच्या हातात निळी पिशवी होती. कप उचलायची, पिशवीत टाकायची, पुढं सरकायची.

दोन वेण्या होत्या, त्यांना लाल रिबिनी. पहाटे कामाला निघण्याआधी त्या रिबिनी सत्यशीलानेच बांधल्या होत्या.

मागून दुसरी गाडी ढकलत झुंबरबाई आली. दोघी एकाच ठेकेदाराकडं, एकाच भागात झाडायच्या.

"का गं, टायर बसलं का?" झुंबरबाईने विचारलं. मग तिनंही आत बघितलं. डोळ्यांवर हात धरून नीट बघितलं. "ती तुझी साक्षी का गं, सत्यशीले?"



सत्यशीलाच्या घरात पोरीने झाडूला हात लावायचा नाही, असा नियम होता. साक्षी रांगायला लागल्यापासून तो पाळला जात होता. घर सत्यशीला झाडायची. ती आजारी पडली तर नवरा झाडायचा. धम्मपाल जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात होता, आठवड्यातून एकदा मंठ्याला घरी यायचा. तो नसला आणि ती तापाने फणफणलेली असली, तर घर तसंच पडून राहायचं. गल्लीतल्या बायका हसायच्या, सासरी गेल्यावर ही पोरगी काय करील म्हणायच्या. सत्यशीला म्हणायची, सासरी सासू झाडील. तिची आई लोकांची अंगणं झाडता झाडता मेली होती. ती स्वतः अकरा वर्षं गाव झाडत होती. हा झाडू आपल्या हातात येऊन थांबावा, एवढंच तिला हवं होतं. देवाकडे मागितलं म्हणावं, तर देव ती मानत नव्हती. म्हणून तिने ते फॉर्म भरून मागितलं होतं. आरटीईच्या पंचवीस टक्क्यांच्या कोट्यात अर्ज केला, तीन वेळा तालुक्याच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली आणि गावातल्या सगळ्यात महागड्या शाळेत पोरीला घातलं.

त्या शाळेत आज संविधान दिन होता. तासाभरापूर्वी याच पोरीने माइकवर संविधानाची उद्देशिका तोंडपाठ म्हटली होती. समानता हा शब्द मोठ्याने म्हणायचा, घाबरायचं नाही, असं बापाने फोनवर बजावलं होतं. सत्यशीलाने तो आवाज दोन गल्ल्या पलीकडून, गटारीतला गाळ काढता काढता ऐकला होता. ती फाटकाशी आली होती ते पोरीला दुरून एकदा बघून घ्यायला.

माइक पुन्हा खरखरला. आवाज मुख्याध्यापिका दैवशाला मॅडमचा. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांनी साक्षीकडे बघा. कुणी सांगितलं नाही, कुणी हाक मारली नाही, आपली आपण उठली. याला म्हणतात घरचे संस्कार. बाकीच्यांनी हिच्याकडून शिकावं. मग पाहुण्यांकडे वळून, जरा हसून, त्यांनी जाहीर केलं की आजपासून साक्षी आपल्या शालेय मंत्रिमंडळात स्वच्छतामंत्री.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळीला हात मोकळे हवेत म्हणून डिश खाली टाकल्या.

साक्षीने मान वर केली. तिचं तोंड आनंदाने फुललेलं सत्यशीलाला फाटकातून दिसलं. आणि मग ती पोरगी वाकून त्या डिश गोळा करायला लागली.

पुढं काय झालं ते सत्यशीलाला नंतर नीट आठवेना. शिपायाने आडवा हात केला होता, एवढं आठवत होतं. अंगात ठेकेदाराने दिलेलं नारिंगी जाकीट, पायात गाळाने भरलेल्या चपला, अशी ती मांडवाच्या मधोमध आली. साक्षीच्या हातातून पिशवी घेतली, उलटी केली आणि झटकली. कप, डिश, केळीच्या साली, सगळं होतं तिथं परत गेलं. एक कप गडगडत पाहुण्यांच्या बुटापाशी जाऊन थांबला.

"अहो ताई, हे काय करताय?" मॅडम माइक हातात ठेवूनच पुढं आल्या, त्यामुळे ते साऱ्या मैदानाला ऐकू गेलं.

"ज्यानं टाकलं त्यानं उचलावं, मॅडम," सत्यशीला म्हणाली. "माझी पोरगी हितं शिकाया येती."

तिने साक्षीचा दंड धरला आणि चालायला लागली. फाटकाबाहेर झुंबरबाई उभी होती. दोन्ही गाड्या मी नेते, मुकादमाला सांगते तुझं डोकं दुखून राह्यलं म्हणून, तू जा, असं म्हणाली. आणि साक्षीच्या गालाला बोट लावायला पुढं झाली, पण पोरीने तोंड फिरवलं.

साक्षीने दंड सोडवून घेतला आणि घरापर्यंत पुढं पुढं चालली. तिने गणवेश बदलला नाही, रिबिनी सोडल्या नाहीत. सत्यशीलाने ताट वाढलं. मेथीची भाजी, भाकर, वर दाण्याची चटणी. ते ताट तसंच झाकून ठेवावं लागलं. दुपार कलली तेव्हा कुठं भिंतीकडे तोंड करून पडलेल्या पोरीच्या तोंडून शब्द फुटला.

"तू सगळ्यांसमोर इज्जत घालवलीस."

"तुझी इज्जत जावी म्हणून केलं का मी?"

"माझी न्हाई. जपानची."

सत्यशीलाला वाटलं पोरीला ताप चढला. तिने कपाळाला हात लावून बघितला. कपाळ गार होतं.

जपानचं तिला अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. फुटबॉलचा वर्ल्डकप सुरू झाला तेव्हा साक्षीच्या वर्गात टीमा वाटल्या गेल्या होत्या. एकाला एक. अडत्याचा नातू राधेश्याम, त्याने अर्जेंटिना घेतली. दुसऱ्याने ब्राझील. पोर्तुगालवरून दोघांची मारामारी झाली. पोरींना कुणी विचारलंच नाही. साक्षी उभी राहून म्हणाली, मलाबी पाहिजे. राधेश्याम म्हणाला, घे उरलेली. उरलेलं साक्षीला नको होतं. तिने रात्रभराची मुदत मागून घेतली आणि जालन्याला फोन लावला.

धम्मपालला फुटबॉलमधलं एवढंच माहीत होतं की तो पायाने खेळतात. पण पोरीने विचारलंय म्हटल्यावर त्याने भट्टीवरच्या चार गड्यांना विचारून परत फोन केला. जपान घे, म्हणाला. बुद्धाचा देश आहे. तो शाळेत असताना लेणी बघायला आलेला एक जपानी भंते त्यांच्या वस्तीत आला होता, त्याने याच्या डोक्यावर हात ठेवला होता. आणि शर्ट बी निळा हाय बघ त्यांचा, असंही म्हणाला. बाप-लेकीला मग दुसरं कारण लागलं नाही. जपान जिंकतो की हरतो, हे दोघांपैकी कुणीही कुणाला विचारलं नाही.

वर्गात पोरं हसली. जपानच्या गटात जर्मनी होती, स्पेन होता. दोन मॅचमध्ये घरी जाईल तुझी टीम, म्हणाली. आणि मग मंगळवारी राधेश्यामची अर्जेंटिना सौदीकडून हरली आणि बुधवारी साक्षीच्या जपानने जर्मनीला हरवलं. गुरुवारी शाळेतून आलेली साक्षी चार बोटं उंच झालेली होती. मधल्या सुट्टीत आपल्याला कुणी कुणी काय काय विचारलं ते ती आईला सांगत राहिली. सत्यशीला भाकरी थापत हूं हूं करत होती. तिला त्यातलं एवढंच कळलं की पोरीशी आज वर्गातले सगळे बोलले.

"जपानची इज्जत मी कशी घालवीन?" तिने आता विचारलं. "मी हाय का तितं?"

साक्षी उठून बसली. उशाचा मोबाईल घेतला, काही तरी शोधलं आणि आईसमोर धरला.

मोठं स्टेडियम होतं. खुर्च्याच खुर्च्या, बहुतेक रिकाम्या. निळे शर्ट घातलेली माणसं ओळी-ओळींतून वाकून चालली होती. बाटल्या, कप, कागद उचलत होती. प्रत्येकाच्या हातात निळी पिशवी.

सत्यशीलाने फोन हातात घेतला. अकरा वर्षं वाकलेल्या माणसाला वाकलेल्या माणसाचं कळतं. ती आधी त्यांच्या कमरा बघत होती.

"सवय न्हाई ह्यायला," ती म्हणाली. "गुडघ्यातून बसावं. पाठ धरती अशानं. पगार किती देतेत?"

"पगार न्हाई मम्मी. ते मॅच बघायला आल्ते."

"म्हंजी ठेक्यावरचे न्हाईत?"

"न्हाई. तिकीट काढून आल्ते. इमानात बसून. मॅच झाली, जपान जिंकली, आन् मंग त्यांनी सगळ्यांचा कचरा उचलला. दुसऱ्यांचाबी. त्यांच्यात असंच करतेत." साक्षीने फोनमधल्या निळ्या शर्टावर बोट ठेवलं. "मी जपानची हाय. मंग मी उचलायला नको का?"

सत्यशीलाने व्हिडिओ परत लावला. एक म्हातारा होता, चष्म्यातला, शिक्षक वाटावा असा. एक बाई होती, गळ्यात बारीक माळ. एक कॉलेजातलं पोर केस रंगवलेलं. तिने प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघितलं. कुणाच्याच तोंडावर ते नव्हतं, जे तिने तिच्या आईच्या तोंडावर बघितलं होतं आणि आरशात रोज बघत होती. ही माणसं हसत होती. उचलून झाल्यावर हॉटेलात जाऊन बसणार होती, आणि कुणी त्यांचा कप वेगळा ठेवणार नव्हतं.

"यांच्या देशात झाडायचं काम कोण करतं?" तिने विचारलं.

साक्षीला ते माहीत नव्हतं. व्हिडिओत ते सांगितलेलं नव्हतं.

सत्यशीलाने झाकलेलं ताट उघडलं, भाकरी मोडली आणि पोरीच्या तोंडाशी घास नेला. साक्षीने जरा वेळ मान हलवली, मग तोंड उघडलं. चूक झाली असं सत्यशीला म्हणाली नाही, कारण तिला तसं वाटत नव्हतं. पण त्या दिवशी तिने दहा वर्षांच्या पोरीला तान्ह्या लेकरागत शेवटच्या घासापर्यंत भरवलं.

दिवेलागणीला दैवशाला मॅडमचा फोन आला. आवाजात साखर होती. झालं ते झालं, पाहुण्यांना मी समजावलं, म्हणाल्या. साक्षीचं पद साक्षीलाच ठेवलं आहे, सोमवारी प्रार्थनेच्या वेळी बिल्ला लावायचा आहे. नको असेल तर तसं आधी कळवा, म्हणजे दुसरी व्यवस्था करता येईल. आणि ताई, मंत्रिपद आहे हे, पोरं रडतात त्याच्यासाठी.

"ह्या पदासाठी कोण रडलं, मॅडम?" सत्यशीलाने विचारलं.

मॅडमना दुसरा फोन येत होता.

साक्षी दारात उभी राहून ऐकत होती. तिला बिल्ला पाहिजे होता. ते तिने सांगितलं नाही, पण सत्यशीलाला दिसत होतं. गोल बिल्ला, मागं टाचणी, वर सोनेरी अक्षरं. त्या शाळेत चार वर्षं मागच्या बाकावर काढलेल्या पोरीला पहिल्यांदाच कुणी तरी समोर बोलावत होतं.

रविवारी सकाळच्या एसटीने धम्मपाल आला. त्याला सगळं आधीच कळलं होतं. गल्लीतल्या तिघांनी तीन तऱ्हांनी कळवलं होतं. त्याने हातपाय धुतले, चहा घेतला, साक्षी बाहेर गेल्यावर दार लोटलं.

तो हळू बोलणारा माणूस होता. त्याचं म्हणणं असं की मंत्रीच तर करून राह्यलेत, बिल्ला लावतील, वर्षभरात विसरतील. पंचवीस टक्क्यांतली सीट आहे. मॅडमच्या मनातून उतरली तर पोरीला पुढची पाच वर्षं काढायची आहेत त्या शाळेत. आपण कुठं कुठं भांडायचं?

"तुमी भट्टीवर काम करता," सत्यशीला म्हणाली. "तुमच्या साहेबाचं पोरगं शाळेत बिल्ला लावून लोखंड वाहून राह्यलं का?"

धम्मपालने कप खाली ठेवला.

"मला बोलू नको," तो म्हणाला. "मी जपान दिला तिला. मला काय ठाव, जपान कचरा उचलतो."

हे तो इतक्या कळवळून बोलला की सत्यशीलाला हसू आलं. मग त्यालाही आलं. पण सोमवार जिथं होता तिथंच राहिला.

साडेतीनला मॅच होती. डब्यांच्या फळीला मोबाईल टेकवून तिघं खाली बसले. म्हणजे बाप आणि लेक बसले, आणि सत्यशीला उंबऱ्याशी तुरीच्या शेंगा सोलत होती. जपानसमोर कोस्टारिका नावाचा देश होता. धम्मपाल पोरीला समजावत होता आणि पोरगी त्याचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करत होती. हा आपला गोलकीपर न्हाई पप्पा, तो त्यांचा. ती कॉर्नर न्हाई, ते फाउल. धम्मपाल बरं बरं म्हणत होता. आठवडाभर मुकादमाचं ऐकून उतरलेलं ते तोंड पोरीकडून चुका काढून घेताना सुखात होतं.

सत्यशीला मधूनमधून बघायची. निळे शर्टवाले सारखे धावत होते, पण बॉल काही आत जात नव्हता. शेवटची दहा मिनिटं राहिली आणि कोस्टारिकाने गोल केला. साक्षीने दोन्ही हात तोंडावर धरले. ती बसल्या जागी पुढं-मागं डुलायला लागली, बाळंतिणीच्या खोलीबाहेर माणसं डुलतात तशी. शिट्टी झाली. जपान हरला.

 धम्मपालने मोबाईल उचलून शर्टाने पुसला.

"पप्पा," साक्षीने विचारलं, "टीम बदलता येती का?"

"येती की," धम्मपाल म्हणाला. पोरीचे डोळे बघून तो काहीही हो म्हणाला असता. "कालच्याला ती अर्जेंटिना जिंकली म्हणं. ती घे."

सत्यशीलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिच्या मनासारखं आपोआप होत होतं. टीम जाईल, टीमबरोबर पिशवी जाईल, पिशवीबरोबर बिल्लाही जाईल. तिने गप्प बसायचं होतं फक्त.

"कामून बदलायची?" ती म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"हरली म्हणून बदलायची? जिंकत्याच्या मागं समदं गाव हाय. तू एक न्हाई गेलीस तर त्यायचं काई आडत न्हाई." तिने शेंग फोडली. "घेतली ना एकदा? मंग घेतली."

साक्षीने नाक ओढलं. ती उठून आईजवळ उंबऱ्याशी आली आणि सुपातल्या शेंगा सोलायला लागली. तुरीचा वास दारभर झाला होता. बाहेर गल्लीत पोरं टिल्लू बॉलने क्रिकेट खेळत होती, त्यांचा आरडाओरडा चालला होता. 

ऊन उतरलं तसा साक्षीने फोन मागून घेतला. शोधायला वेळ लागला नाही.

"मम्मी, हरल्यावरबी उचलला."

सत्यशीलाने मान वाकवून बघितलं. तशीच माणसं, तशाच पिशव्या. आज तोंडं उतरलेली होती. चष्म्यातला म्हातारा यात नव्हता, दुसरा एक होता. डोळे पुसत होता आणि उचलत होता.

सत्यशीलाने ते पूर्ण बघितलं. मग सूप बाजूला सारलं.

"साक्षी, गेल्या साली तुमच्या शाळेत स्वच्छतामंत्री कोण व्हतं?"

"बुद्धभूषण."

"त्याच्या आदी?"

"शालूताई."

"आन् त्याच्या आदी?"

"मोनालीताई." साक्षीने सवयीने बोट उचललं होतं. मोनालीचं घर समोरच होतं, शालूचं तिच्या डावीकडं, बुद्धभूषणचं नळाजवळ. ती एकेका दाराकडे बोट नेत गेली आणि तिसऱ्या दाराशी बोट हवेत थांबलं. ते तिने हळूच खाली घेतलं.

"पंतप्रधान कोण हाय?"

"राधेश्याम."

"आन् खेळाचा मंत्री?"

साक्षीने गल्लीतल्या दारांवरून नजर फिरवली; तो यातल्या कुठल्याच दारातला नव्हता. धम्मपाल आत होता, तो दारात येऊन उभा राहिला होता. सत्यशीलाने पुढं विचारलं नाही. तिला आणखी पुष्कळ बोलता आलं असतं. आईचं, स्वतःचं, हॉटेलातल्या वेगळ्या कपाचं. हे सगळं तिच्या जिभेवर होतं आणि पोरगी दहा वर्षांची होती. तिने सुपातले दाणे पातेल्यात ओतले.

साक्षीने व्हिडिओ पुन्हा लावला. डोळ्यांना लावल्यासारखा फोन जवळ धरला. मध्येच थांबवायची, बोट टेकवायची, परत चालू करायची. ती मोजत होती.

"मम्मी."

"काय?"

"ह्याच्यात एकटं कुणीच न्हाई."

सत्यशीला पातेलं घेऊन उठत होती, ती तशीच राहिली.

"कालच्याला मी एकटीच व्हते," साक्षी म्हणाली. "बाकीचे खाऊन राह्यले व्हते." जरा थांबून ती म्हणाली, "ते जपान न्हाई झालं."

धम्मपालने मान फिरवून बाहेर बघितलं.

फोन कुणी लावायचा, यावर वाद झाला नाही. सत्यशीलाने नंबर काढून दिला आणि साक्षीने कानाला लावला. उभी राहून बोलली, वर्गात उभी राहते तशी. मॅडम, मला मंत्रिपद नको, म्हणाली. पलीकडून मॅडम बराच वेळ बोलत होत्या. मम्मीने सांगितलं का, असं त्यांनी विचारलं असावं, कारण साक्षी नाही म्हणाली. मग आणखी काही तरी बोलल्या. साक्षीने ऐकून घेतलं.

"ज्या दिवशी सगळे उचलतील त्या दिवशी मीबी उचलीन, मॅडम. सगळ्यात आधी उचलीन," ती म्हणाली. "पण बिल्ला नको."

फोन ठेवल्यावर ती मटकन खाली बसली. धम्मपालने तिला पाणी दिलं. सोमवारी काय होईल, हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. बिल्ला दुसऱ्या कुणाला तरी लागणार होता, आणि कोणत्या दारातल्या पोराला लागेल, त्याचा अंदाज गल्लीतलं शेंबडं पोरही बांधू शकलं असतं. बुद्धभूषणच्या आईशी बोलायला पाहिजे, असं सत्यशीलाच्या मनात आलं. शालूच्या आईशीही. उद्या कामावर जाण्याआधी, चारलाच उठून.

तिने चूल पेटवली. साक्षी तिच्या पाठीला पाठ लावून बसली. लहानपणी ती अशी बसायची, अलीकडे बसत नव्हती.

"मम्मी, तुझी टीम कोणती?"

सत्यशीलाने फुंकणी खाली ठेवली. असं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. काय खाशील, कुठं जाशील, कोणता रंग घेऊ, यातलंही फारसं कुणी विचारलं नव्हतं. तिने प्रश्न नीट तपासून घेतला, सही करायच्या आधी कागद तपासतात तसा.

"किती टीमा हायेत समद्या?"

"बत्तीस."

"त्यातल्या कचरा न उचलता घरी जानाऱ्या किती?"

साक्षीने विचार केला. "जपान सोडून बाकी सगळ्या. म्हंजी एकतीस."

"मंग त्या एकतीस माझ्या."

दारातून धम्मपाल खो खो हसला. साक्षी हसली नाही. ती वळून आईसमोर आली, गुडघ्यांवर बसली आणि गंभीरपणे म्हणाली की असं चालत नाही, एका माणसाला एकच टीम घ्यावी लागते, एवढ्या टीमा वर्गात कुणालाच दिलेल्या नाहीत.

"घेऊ दे की गं," सत्यशीला म्हणाली. जाळ आता नीट लागला होता. "आजपस्तोर मला एकबी नव्हती."

साक्षीने आईच्या तोंडाकडे बघितलं. मग दप्तरातून वही ओढली, मागचं पान उघडलं, वर मम्मी असं लिहून खाली रेघ मारली आणि एकेक देश मांडायला घेतला.